मुलं धरायचं काम

मुलं धरण्यात माझा हात धरील असा शिपाई आमच्या सबंध तालुक्यात नव्हता. ही बढाई नाही. लिहायला बसलो तेव्हा पहिली आठवण झाली ती याचीच, आणि लाज वाटते म्हणून ती मागे ढकलण्यात अर्थ नाही. काम मी चांगलं करत होतो. ते काम वाईट होतं, ही गोष्ट वेगळी, आणि ती मला फार उशिरा कळली.

शाळा बोर्डाची होती, पहिली ते सातवी. खापरच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं बाजाराचं गाव. शिपायाने सकाळी वर्ग झाडायचे, शनिवारी शेणाने सारवायचे, रांजण भरायचे, शाईची पूड भिजवायची, आंब्याला टांगलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर टोले द्यायचे, गावात फिरून दडून बसलेली मुलं हुडकून आणायची. हे सरकारी काम. त्याशिवाय हेडमास्तरांच्या घरचं पाणी, सरपण, दळण. त्यांच्या धाकट्याचे लंगोटसुद्धा मी धुतले आहेत. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मुलं धरायची.

धरायचं म्हणजे काय, हे आताच्या लोकांना सांगावं लागेल. मास्तर मारायला उठले की मूल अंग चोरतं, हात मागे घेतं, पळतं. छडी वाया जाते. म्हणून शिपाई. मागून जायचं, दोन्ही मनगटं धरायची, अंगठे नाडीवर दाबायचे म्हणजे मुठी आपोआप उघडतात, आणि आपला गुडघा त्याच्या गुडघ्याच्या लवणीत टेकवायचा. मग मूल जागचं हलत नाही. हेडमास्तर खुर्चीतून नुसतं म्हणायचे, "धर रे त्याला," आणि मी धरायचो. निरगुडीच्या फोका नदीवरून मीच तोडून आणायचो, ओल्या, कारण वाळलेल्या लवकर मोडतात. फोक बसली की तिचा हिसका मुलाच्या हातांतून माझ्या हातांत यायचा. भीतीने एखादं मूल उभ्या उभ्या मुतलं तर ते पुसायचं कामही माझंच होतं.

हेडमास्तर घाटावरून बदली होऊन आलेले. आमच्याकडचं पाणी त्यांना कधी मानवलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी हिवताप यायचा, आणि ताप उतरला की दोन दिवस त्यांचा हात नुसता शिवशिवायचा. मी शिपाई असलो तरी सातवी पास होतो. मास्तर व्हायचं होतं, पण जागा निघाली तेव्हा ती कोणाच्या तरी भाच्याला मिळाली. शाळेची सगळी पत्रकं माझ्या अक्षरात जायची, सही तेवढी हेडमास्तरांची. एकदा घंटा उशिरा झाली म्हणून त्यांनी मला सातवीच्या वर्गासमोर कानशिलात मारली. मी तेव्हा दोन मुलींचा बाप होतो. त्या दिवशी दुपारी जे मूल माझ्या हाती आलं, त्याची मनगटं मी अशी आवळली की फोक बसायच्या आधीच ते किंचाळलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला मला कोणी शिकवावं लागलं नाही.

घरीही तेच. एकदा बायको थोरलीवर हात उगारून धावली. पोर माझ्या बाजूला आली, आणि मी तिला मागून धरली. दोन्ही मनगटं, गुडघा लवणीत, सगळं यथासांग. बायकोचा उगारलेला हात खाली आला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आठे शाळा नही शे." इथे शाळा नाही हे मला कळतं, असं तिच्यावर खेकसून मी बाहेर निघून गेलो.

माझा जोडीदार, म्हणजे शाळेतला दुसरा शिपाई, डोंगरातला भिल्ल होता. बोर्डाला डोंगरातली मुलं शाळेत हवी होती, पण पाड्यावर शिपायाचा पितळी बिल्ला दिसला की आया मुलांना कणगीत लपवायच्या. तेव्हा कोणाला तरी सुचलं, की त्यांच्यातलाच माणूस नेमावा. हा माझ्यापेक्षा हातभर उंच, अंगाने लाकडाच्या ओंडक्यासारखा, आणि बोलायला महाग. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी त्याला येताजाता चिडवायचो, की अंगठेबहाद्दर माणसाला सरकारने शाळेत ठेवलं, आता गुरं वर्गात बसवायची तेवढी बाकी आहेत. तो हसायचा. मला 'दादा' म्हणायचा. त्याचं हसणं मला आवडायचं नाही, कारण त्यात राग नसायचा.

पण एका हंगामात त्याने डोंगरातल्या मुलांच्या दोन ओळी भरून दाखवल्या. पाड्यावर जायचा, एकेका झोपडीच्या दाराशी बसायचा. उठायची घाई नाही. आईबापांनी विचारलं, की खाली मुलाला कोण बघेल, तर सांगायचा, "मी शे ना तठे." मी आहे ना तिथे, एवढीच हमी. त्या हमीवर लोकांनी पोटची पोरं त्याच्या हवाली केली. शाळेमागे त्याची कुडाची झोपडी होती, तिच्या पडवीत ती सगळी राहायची. तोच त्यांना भाकरी करून घालायचा.

मग हेडमास्तरांनी त्याला मुलं धरायला सांगितलं. नोकरी होती, धरली त्याने. पण त्याची तऱ्हा और होती. मुलाचा तळवा पुढे करायचा आणि फोक खाली येताना आपली बोटं त्यावर सरकवायचा. त्याच्या बोटांच्या पेरांवर वळ उठलेले मी बघायचो. हेडमास्तरांच्या लक्षात यायला महिना लागला. म्हणाले, तुला धरता येत नाही, आणि ते काम कायमचं माझ्याकडे आलं. मला तेव्हा आनंद झाला होता, हे कबूल करतो.

महिनाअखेर टपालाचा दिवस असायचा. प्रत्येक शाळेचा शिपाई महिन्याची पत्रकं घेऊन तालुक्याला जायचा. कोणी दहा कोस तुडवून यायचा, कोणी बैलगाडीच्या मागे लटकून. तिथला कारकून आम्हांला ओसरीवर तासन् तास बसवून ठेवायचा. आमचा शिपायांचा संघ जन्मला तो त्या ओसरीवर. त्याला ना कचेरी होती ना फलक. एक म्हातारा शिपाई होता, तरुणपणी नवापूरच्या स्टेशनात हमाली केलेला. तिथे हमालांनी एकदा डोक्यावरची ओझी फलाटावर ठेवली आणि सगळे खाली बसले, ते त्याने पाहिलं होतं. जर्मनीशी दुसरी लढाई चालू होती, जो तो काहीतरी मागत होता. म्हातारा म्हणाला, आपणही मागू. एकट्याने मागितलं तर लाथ बसते, पंचवीस जणांना लाथ मारायला पाय कुठून आणतील?

अर्ज लिहायचा मी, कारण अक्षर माझं. वर 'प्रतिनिधी' म्हणून नावही माझंच टाकलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदरांनी मला पुढे केलं, आणि घंटेचा जाणकार म्हणून मीही फुशारलो. जो तो सांगत होता, मी कलमं घालत होतो. मास्तरांच्या घरचं काम शिपायाला सांगू नये. शिपायावर हात टाकू नये. तापात पडला तर रजा मिळावी. पावसाळ्यात टपाल नेताना घोंगडी मिळावी.

सगळ्यांचं झाल्यावर माझा जोडीदार म्हणाला, त्याचंही एक लिहावं. शिपायाला मुलं धरायला लावू नये.

ओसरी हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मी म्हणालो, मग मास्तर मारतील आणि तू काय बाजूला उभा राहून वारा घालशील? आणखी हसले. तो मान खाली घालून बसला, पण मागणी मागे घेईना. म्हातारा एकटा हसला नव्हता. तो मला म्हणाला, "तो मांगी ऱ्हायना ना? मंग लिख." मी लिहिलं. सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात.

अर्ज वर गेला आणि सरकारी रीतीप्रमाणे अभिप्रायासाठी फिरून खालीच आला, ज्यांच्याविरुद्ध होता त्यांच्याच टेबलावर. हेडमास्तरांना अक्षर ओळखायला चष्मासुद्धा लागला नसेल. त्यांनी मला बोलावलं. एकेक कलम मोठ्याने वाचलं. मी भिंतीकडे बघत उभा. घरकामाचं कलम वाचताना आवाज चढला, हात टाकू नये हे वाचताना ते थोडे हसले. शेवटचं कलम मात्र त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, हे डोकं कोणाचं? मी म्हणालो, माझं नाही. एवढंच म्हणालो. शाळेत शिपाई दोनच होते.

होळी नुकतीच झाली होती. डोंगरात होळी म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. मुलं आठ-आठ दिवस वरच राहायची. माझ्या जोडीदाराने जाऊन त्यांना परत आणलं, त्याच दिवशी हेडमास्तर तापातून उठून शाळेत आले. डोंगरातला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा त्यांच्यासमोर आला. होळीत नाचून आलेला, पोटऱ्यांवर राखेचे पांढरे ठिपके तसेच. हेडमास्तरांनी मला बोलावलं नाही. जोडीदाराला बोलावलं आणि म्हणाले, "धर रे त्याला."

तो म्हणाला, "मी नही धरस, गुरुजी." आवाज नेहमीसारखाच होता. हेडमास्तरांनी पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा तेच उत्तर दिलं. मग हेडमास्तर माझ्याकडे वळले.

मी विचार केला, मनात चलबिचल झाली, असं काही लिहिलं तर ते खोटं होईल. मी धरलं. ज्या अर्जावर प्रतिनिधी म्हणून माझं नाव होतं, त्यातलं शेवटचं कलम लिहिलेल्या हातांनीच धरलं. हेडमास्तरांनी पहिली फोक तळव्यांवर मोडली, दुसरी पाठीवर. तिसरी नव्हती. तेव्हा त्यांनी टेबलावरचा रूळ उचलला, कागदावर रेघा मारायचा, शिसवी, मनगटाएवढा जाड. तो दंडावर बसला, मग खांद्यावर. मुलगा आता ओरडत नव्हता, त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. पुढचा वार कानावर बसला. कानातून रक्त निघालं आणि माझ्या मनगटावर ओघळलं. मी तरी सोडलं नाही, कारण कोणी सोड म्हटलं नव्हतं.

जोडीदार पुढे आला तो चालत आला, धावत नाही. त्याने हेडमास्तरांचं रूळ धरलेलं मनगट पकडलं आणि पिळलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. हेडमास्तर गुडघ्यांवर बसले. त्याने मुलाला माझ्या हातांतून काढून घेतलं, अक्षरशः बोट बोट सोडवून, आणि खांद्यावर टाकून डोंगराच्या वाटेला लागला. बाकीची डोंगरातली मुलं दप्तरं टाकून त्याच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत आला. हातात बिल्ला घेऊन, काय व्हायचं ते होऊ द्या म्हणून. हेडमास्तरांनी तोवर वर कळवलं होतं, की भिल्ल शिपाई दारू पिऊन आला, कारण नसताना त्याने हात मोडला, आणि मुलाला लागलं तेही त्यानेच ओढाताणीत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. आरोप खरा ठरला असता तर नोकरी जाणार होतीच, वर तुरुंग होता. पण त्याला तुरुंगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं लागलं होतं. तो मला म्हणाला, की पाड्यावरच्या लोकांनी त्याला दाराशी बसू दिलं नाही. त्याच्या तोंडावर सगळ्यांनी एकच विचारलं, तू होतास ना तिथे? आता निकालात दारुडा ठरलो, तर माझ्या शब्दावर कुत्रंही खाली येणार नाही, असं तो म्हणाला. एवढं सलग बोललेला मी त्याला त्याआधी ऐकला नव्हता.

म्हाताऱ्याने खटपट केली. टपालाच्या दिवशी सगळ्या शिपायांनी पत्रकं मांडीवर धरून ठेवली, कारकुनाला देईनात. चौकशीत शिपायाच्या बाजूने बोलायला संघाचा एक माणूस असेल, एवढं बोर्डाच्या साहेबांनी मान्य केलं तेव्हाच पत्रकं आत गेली. तो माणूस मी. प्रतिनिधी, आणि साक्षीदारही. पाहिलेलं मी एकट्याने होतं, मुलांची साक्ष कोण धरतो? मी आठ दिवस बसून निवेदन लिहिलं. मी मुलाला धरलं होतं हेही त्यात घातलं. ते वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं.

साहेब आले. शाळेला सुट्टी दिली होती. सातवीच्या वर्गात टेबल मांडलं. साहेब मध्ये, हेडमास्तर शेजारी, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. समोर माझा जोडीदार उभा, त्याच्या मागे एक पाऊल सोडून मी. आजूबाजूच्या शाळांचे आठ-दहा शिपाई म्हाताऱ्यासकट बाहेर ओसरीवर, गज धरून आत बघत होते.

मी वाचलं. साहेब कंटाळलेला दिसत होता, पण माणूस वाईट नसावा. रुळाच्या मजकुराशी त्याने मला थांबवलं आणि विचारलं, की कानावर रूळ कोणी मारला हे तू डोळ्यांनी पाहिलंस? मी म्हणालो, पाहिलं. मुलगा माझ्याच हातात होता. साहेबाने लेखणी खाली ठेवली आणि हेडमास्तरांकडे बघितलं. मग विचारलं, की या माणसाने दारू प्यायली होती का? मी म्हणालो, त्याने आयुष्यात कधी प्यायली असेल तर डोंगरात होळीला, शाळेत कधीच नाही. ओसरीवर कोणीतरी हुंकार दिला. मला वाटलं, जिंकलं. नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी माणसासारखा बोललो होतो.

हेडमास्तर ताडकन उठले. माझ्या शाळेत, माझ्याच खोलीत, माझा शिपाई मला शिकवतो, असलं काहीतरी म्हणत त्यांनी डाव्या हाताने टेबलावरचा रूळ उचलला, टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि म्हणाले, "धर रे त्याला."

आणि मी धरला.

निवेदनाचा कागद खाली पडलेला मला दिसला, त्यावरून मला कळलं की माझे हात मोकळे झाले आहेत. मग कळलं की मोकळे नाहीत. जोडीदाराची दोन्ही मनगटं मागून माझ्या मुठीत होती, अंगठे नाडीवर, गुडघा त्याच्या लवणीत. तो माझ्या दुप्पट ताकदीचा होता. एक झटका दिला असता तर मी भिंतीवर जाऊन आदळलो असतो. त्याने अंग ताठ केलं, मान वळवून कोणी धरलं ते पाहिलं, आणि मला पाहिल्यावर त्याचं अंग सैल पडलं. पहिला वार कपाळावर बसला. दुसरा भुवईवर. त्याचे हिसके त्याच्या खांद्यांतून माझ्या हातांत आले, नेहमीसारखे. त्याचं रक्त वहाणांवर, सारवलेल्या जमिनीवर पडलं. तिसऱ्या वेळी साहेबाने हेडमास्तरांना मागून कवळ घातली आणि रूळ हिसकावून घेतला. मग मला म्हणाला, सोड. मी सोडलं नाही. तीनदा म्हणाला, तेव्हा माझी बोटं उघडली.

निकाल आमच्या बाजूने लागला. लागणारच. साहेबाने स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं, आता त्याला कोणाचं निवेदन नको होतं. हेडमास्तरांची बदली झाली, दूर कुठेतरी. जोडीदाराची नोकरी राहिली, दारूचा डाग पुसला गेला. आणि पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डाचा कागद आला, की कोणत्याही शाळेत शिपायाला मुलं धरायला लावू नये. आमच्या अर्जातलं तेवढं एकच कलम मंजूर झालं, शेवटचं, बारीक अक्षरातलं. मार काही थांबला नाही. मास्तर आता मोठ्या मुलांना लहान मुलं धरायला सांगू लागले. पण शिपाई सुटले.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर ओसरीवर आलो. वाटलं होतं, की म्हातारा तोंडावर थुंकेल. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "डोकं भारी चालनं भो तुन्हं," म्हणाला. "साहेबले दखाडी दिधं." बाकीचे माना डोलवत होते. त्यांना गजांतून दिसलं ते असं: प्रतिनिधीने ओळखलं की नुसत्या शब्दांनी भागणार नाही, म्हणून मुद्दाम आपला माणूस धरला आणि मास्तरांना साहेबासमोर मारू दिलं. शितावरून भाताची परीक्षा व्हावी म्हणून शीत काढून दाखवलं.

मी गप्प राहिलो. आधी तोंडातून शब्द फुटला नाही म्हणून, नंतर बरं वाटलं म्हणून. पुढच्या टपालाला ही गोष्ट तालुकाभर झाली. मला संघाचा चिटणीस केलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. पुढे बरीच वर्षं नवीन शिपाई भरती झाला की म्हातारा त्याला माझ्याकडे बोट दाखवून ही युक्ती सांगायचा, आणि मी डोळे खाली घालून बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा. थू त्या विनयाला.

जोडीदाराला मात्र फसवणं जमलं नाही. त्याच्या भुवईची जखम भरत आली होती. आम्ही विहिरीवर रांजणाचं पाणी शेंदत होतो. मी त्याला म्हणालो, लोक काहीही म्हणोत, मी तुला मुद्दाम नाही धरलं. युक्ती-बिक्ती काही नव्हती. मास्तरांनी म्हटलं आणि माझे हात आपसूक गेले. मला माफ कर. हे बोलताना मी रडलो. मोठ्या माणसासमोर मी रडलो असं आयुष्यात ते एकदाच.

त्याने पोहरा वर ओढला, कळशीत ओतला, पुन्हा खाली सोडला. मग म्हणाला, "मुद्दाम धरेल ऱ्हातं तर बरं व्हतं, दादा."

मला राग आला. खरं सांगितलं तर हे बक्षीस. युक्ती म्हणून खपवलं असतं तर निदान पाठ थोपटली असती याने. तणतणत कळशी उचलली आणि शाळेत आलो. त्याचं म्हणणं डोक्यात शिरायला बरेच दिवस गेले.

आम्ही दोघांनी त्यानंतर त्याच शाळेत सात वर्षं काम केलं. तो पुन्हा पाड्यावर गेला, पुन्हा दाराशी बसला. काही मुलं आली. तो कान फुटलेला मुलगा आला नाही. आमच्यात भांडण कधी झालं नाही. मी तापाने पडलो तर माझी घंटा तो द्यायचा, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला पाणी त्याने वाढलं. दादा म्हणायचंही त्याने सोडलं नाही. फक्त वर्ग झाडायला मी आत आलो की तो झाडता झाडता वळायचा आणि माझ्याकडे तोंड करून झाडायचा. वाटेने जाताना मला पुढे जाऊ द्यायचा. बसायचा तो भिंतीला टेकून. सात वर्षांत त्याने मला एकदाही पाठ दिली नाही, आणि का देत नाहीस, हे विचारायची माझी छाती झाली नाही.